डॉ. खानोलकर आणि परळची कॅन्सर प्रयोगशाळा

भारतात कॅन्सर फारसा होत नाही, असा समज विसाव्या शतकाची पहिली तीस-चाळीस वर्षे डॉक्टरमंडळींतही रूढ होता. कोणी त्याचे श्रेय शाकाहाराला देई, कोणी साध्या राहणीला. हा समज ज्यांनी आकडे मांडून मोडून काढला, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. त्यांचे म्हणणे सरळ होते. आपल्याकडे बहुतेक माणसे कॅन्सरच्या वयाला पोचण्याआधीच पटकी, देवी, हिवताप, क्षय अशा रोगांनी जातात. जी पोचतात, त्यांतली कितीतरी खेड्यात, कुठल्याही तपासणीविना मरतात. त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत कॅन्सर कोण लिहिणार? हा रोग ज्या वयात गाठतो त्या वयाची माणसे घेऊन तुलना केली, तर भारतीय माणूस कोणाहून कमी कॅन्सरप्रवण नाही. फरक दिसतो तो रोगाच्या जागेत. आपल्याकडे तो तोंडात, घशात, स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मुखाशी जास्त आढळतो. आणि जागेचा हा फरक माणूस काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, कसा राहतो यावरून पडत असावा.

१९४५ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये भारतीयांच्या कॅन्सरप्रवणतेवरचा त्यांचा लेख आला. परळच्या आपल्या कॅन्सर संशोधन संस्थेचा इतिहास सांगताना मला त्या लेखापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण पुढच्या सगळ्या कामाचे बीज त्यात आहे. संस्थेचे नाव बदलले, सरकारी खाते बदलले, पत्ता परळहून खारघरला गेला. रोग्याला त्याच्या जगण्याबद्दल विचारायचे आणि त्याच्या उत्तरावरून संशोधनाचा प्रश्न ठरवायचा, ही खानोलकरांची रीत मात्र टिकली.

टाटा मेमोरियल रुग्णालयाची जन्मकथा अनेकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. त्यांच्यावर परदेशात उपचार झाले होते. तसे उपचार मायदेशात मिळावेत, ही सर दोराबजी टाटांची तळमळ होती, पण पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी हा विचार तडीस नेला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते परळला रुग्णालय उघडले. सुरुवातीला खाटा ८० होत्या. शेजारी केईएम रुग्णालय, जवळच हाफकिन संस्था, आणि भोवती सगळे गिरणगाव. जागेची ही निवड आज फार मोलाची वाटते. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार इथून हाकेच्या अंतरावर राहत होता. त्याच्या कमरेला तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी असे. कापूस उडणाऱ्या खात्यात बिडी पेटवायची सोय नसली, तरी दाढेखाली चिमूट धरायला कोणाची आडकाठी नव्हती. घरी त्याची बायको तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करी. भारतातल्या कॅन्सरचा मोठा प्रश्न असा रुग्णालयाच्या दारातच उभा होता.

रुग्णालय उघडले तेव्हा खानोलकर पंचेचाळीस वर्षांचे होते. १३ एप्रिल १८९५ हा त्यांचा जन्मदिवस. गोमंतक मराठा समाजातल्या या मुलाने लंडन विद्यापीठातून वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२३ साली विकृतिशास्त्रात एम. डी. केली. मुंबईत परतल्यावर त्यांनी आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि मग केईएमला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवले. एव्हाना ते नावाजलेले प्राध्यापक होते. केईएमच्या त्या स्थिर आसनावरून उठून जवळच्याच नव्या इमारतीत प्रयोगशाळांचे संचालक म्हणून येणे म्हणजे शून्यातून उभारणी करणे होते, आणि त्यांनी ती पत्करली.

विकृतिशास्त्रज्ञ हा रुग्णालयातला सर्वांत कमी दिसणारा डॉक्टर. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचे नाव घरातली तीन पिढ्यांची माणसे काढतात. गाठीचा तुकडा मेणात बसवून, त्याचा पापुद्र्याइतका पातळ काप काढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘हा कॅन्सर आहे’ किंवा ‘नाही’ असे लिहिणारा माणूस त्यांना रिपोर्टखालच्या सहीपुरता भेटतो. सर्जनची सुरी आणि रेडियमची मात्रा दोन्ही त्या सहीवर अवलंबून असतात. खानोलकर अशी सही करणाऱ्यांपैकी होते, पण तेवढ्यावर थांबणारे नव्हते. काचपट्टीवरच्या पेशी पाहिल्यावर त्यांना प्रश्न पडे, की या पेशी ज्याच्या तोंडातून आल्या तो माणूस कोण, कुठला आणि करतो काय?

१९४४ साली त्यांनी ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकन नियतकालिकात मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरवर निबंध लिहिला. एकामागून एक आलेल्या सलग १,००० रोग्यांचा तो आढावा होता. यातला ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सोयीचे रोगी निवडले की सोयीचा निष्कर्ष निघतो. आले तसे घेतले की परिस्थिती जशी आहे तशी दिसते. त्या हजार माणसांच्या तोंडांवरून तंबाखू, चुना, सुपारी आणि पान यांच्याकडे बोट दाखवणारे चित्र उभे राहिले. परळच्या नव्या इमारतीला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती.

पुढच्या वर्षी सहकारी सूर्याबाई यांच्या सोबतीने त्यांनी ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’मध्ये जो लेख छापला, तो मला त्यांच्या सगळ्या लेखनात सर्वाधिक मोलाचा वाटतो. चालीरीतींमुळे होणारे तीन नवे कॅन्सर त्यात वर्णिले आहेत, आणि तिन्ही भारतातले आहेत.

पहिला धोतराचा. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट गाठ मारल्याने कातडी घासली जाते. आधी तिथला रंग बदलतो, मग कातडी खरखरीत होते, खपली धरते, आणि काही थोड्या जणांत तिथे न भरणारी जखम होऊन तिचा कॅन्सर होतो. घट्ट लुगडे नेसणाऱ्या बायकांतही तो पुढे आढळला. आपल्याकडच्या कितीतरी आज्यांच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळा वळ असतो. त्याकडे कोणी आजार म्हणून पाहत नाही आणि बहुतेकींच्या बाबतीत तो आजार नसतोही. पण २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच वळाच्या जागी कॅन्सर झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये छापली. खानोलकरांच्या निबंधाला तेव्हा जवळपास ऐंशी वर्षे होत आली होती.

दुसरा कॅन्सर टाळूचा. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी, ओढतात. तिथल्या अनेक बायका त्याचे पेटते टोक तोंडात धरतात. कोळ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत ही रीत जुनी आहे. निखाऱ्याची धग थेट टाळूला लागते. टाळूचा कॅन्सर इतरत्र विरळा, त्या भागात मात्र नेहमीचा. तिसरा बिहारकडचा, खैनीचा. तंबाखू आणि चुना तळहातावर मळून ती गोळी खालच्या ओठाच्या आणि हिरडीच्या मधल्या खाचेत ठेवायची सवय, आणि कॅन्सर नेमका त्याच खाचेत. रोग कुठे उगवला हे पाहून माणसाची सवय सांगता यावी, आणि सवय ऐकून रोग कुठे असेल हे ताडता यावे, इतका हा संबंध जवळचा होता. असे निदान नुसत्या सूक्ष्मदर्शकातून होत नाही. त्यासाठी खाटेशेजारी बसून ‘धोतर कुठे बांधता?’, ‘गोळी कुठल्या बाजूला धरता?’ असे प्रश्न विचारावे लागतात, आणि उत्तर देताना रोग्याला लाज वाटू नये याचीही काळजी घ्यावी लागते.

या निरीक्षणांना संख्याशास्त्राचे बळ मिळाले ते एल. डी. संघवींमुळे. आनुवंशिकीचा हा अभ्यासक खानोलकरांच्या हाताखाली तयार झाला. दोघांनी मिळून मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजांच्या रक्तगटांचा आणि इतर आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला. तो ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. मग १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखूवरचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. डॉल आणि हिल यांनी लंडनमध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचे नाते दाखवून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. इंग्लंडात प्रश्न सिगारेटचा होता, आपल्याकडे बिडीचा आणि चघळण्याचा. परळच्या निबंधाने हे दोन धागे वेगळे केले. चघळणाऱ्याला कॅन्सर मुख्यतः तोंडात, ओढणाऱ्याला जिभेच्या मुळाशी आणि घशात, आणि दोन्ही करणाऱ्याला धोका अधिक. तंबाखूवर जगभर चाललेल्या चर्चेत ही भर भारताची होती, आणि ती गिरणगावातल्या एका प्रयोगशाळेने घातली होती. या गोष्टीचा अभिमान आपल्या शाळकरी मुलांनाही असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

समाजासमाजांतल्या फरकांकडेही खानोलकरांचे असेच बारीक लक्ष होते. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाचा कॅन्सर जास्त, हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा जास्त, मुसलमान स्त्रियांत तो त्या मानाने कमी. एकाच शहरातल्या एकाच रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांत एवढी तफावत कशी पडते, हा प्रश्न त्यांनी पुढच्या संशोधकांसाठी लिहून ठेवला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा शोध तेव्हा फार दूर होता.

१९५२ साली केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’ स्थापन केले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. आपल्या संस्थेचा हा औपचारिक जन्म. रुग्णालयाच्या तपासण्या करणारी प्रयोगशाळा आणि स्वतंत्र प्रश्न घेऊन काम करणारी संशोधन संस्था यांत मोठे अंतर असते. खानोलकरांनी ते माणसे जमवून पार केले. त्यांनी निवडलेल्यांत स्त्रिया बऱ्याच होत्या, आणि त्या काळाकडे पाहता हे आवर्जून नोंदवायला हवे.

त्यांतल्या डॉ. कमल रणदिवे पुण्याच्या. माहेरच्या समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, मुलीचा ओढा वनस्पती आणि प्राणी यांच्याकडे. १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झाले. १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम. एस्सी. केली. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रे. सीताफळाच्या गुणसूत्रांवरून माणसाच्या कॅन्सरकडे वळलेल्या या मुलीला खानोलकरांनी हेरले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. मग रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. हेला या नावाने जगभर पसरलेल्या पेशी ज्यांच्या प्रयोगशाळेत प्रथम वाढवल्या गेल्या, ते हे गे. शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचे, सावकाश फिरत्या पिंपात नळ्या लावून त्यांना द्रव आणि हवा आळीपाळीने मिळेल असे पाहायचे, आणि सगळे करताना एकही जंतू आत शिरू द्यायचा नाही, हे तंत्र रणदिवे बाईंनी तिथे हात घालून शिकून घेतले.

परतल्यावर त्यांनी परळला ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. या प्रकारची ती भारतातली पहिली. स्तनाच्या कॅन्सरची आनुवंशिकता तपासण्यासाठी त्यांनी उंदरांची पैदास केली. संस्थेच्याच आद्याक्षरांनी ओळखला जाणारा ‘आयसीआरसी’ हा उंदरांचा वाण त्यातून निघाला. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू हे तिघे मिळून स्तनाचा कॅन्सर कसा घडवतात, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय राहिला. पण गुरूचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. सुपारी आणि तंबाखूच्या अर्कांनी प्राण्यांत कॅन्सर होतो का, हे त्यांनी सहकाऱ्यांसह तपासले, आणि तो निबंध १९७६ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेचे संचालकपद सांभाळले. १९७३ साली सहकारी स्त्रियांना बरोबर घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापन केला, १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या कुपोषणाच्या कामात उतरल्या. प्रयोगशाळेतून माणसांच्या घरापर्यंत जाण्याची खानोलकरांची वाट त्यांनी शेवटपर्यंत चालू ठेवली.

डॉ. सत्यवती सिरसाट यांनी संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम उभे केले. गालाची आतली बाजू कडक होत जाते, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसवत नाही, त्या सबम्यूकस फायब्रोसिसचा त्यांनी खानोलकरांसह अभ्यास केला. तेव्हा मिरचीवर संशय होता, म्हणून त्यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतला तिखट अंश लावून पाहिला. तो निबंध १९६० चा. पुढच्या दशकांत इथल्या आणि इतरांच्या कामाने दोष सुपारीकडे सरकला, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे कॅन्सरकारक ठरवले. आज महाविद्यालयाच्या दारात पुडी तोडणाऱ्या मुलांची तोंडे पाहिली, की हा विषय किती आधी हाती घेतला गेला होता याची जाणीव अस्वस्थ करते.

खानोलकरांचे कुष्ठरोगावरचे काम कॅन्सरच्या छायेत झाकले गेले, ते व्हायला नको होते. रोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांचा आणि मज्जातंतूंतून जंतू कसा पसरतो याचा त्यांनी सखोल अभ्यास केला. १९५८ साली बापट, रणदिवे आणि त्यांनी मिळून कुष्ठरोग्याच्या गाठीतून वेगळा केलेला जंतू संस्थेच्या नावानेच ओळखला जातो, आणि त्यापासून पुढे लस तयार करून तिच्या चाचण्याही झाल्या.

मानसन्मान भराभर सांगतो. १९४९ साली स्थापन झालेल्या भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष. १९५४ साली पद्मभूषण. अणुकिरणांच्या परिणामांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारताचे प्रतिनिधी. १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले.

कारभाराचा इतिहासही संक्षेपात पुरे. रुग्णालय १९५७ साली आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन संस्था एका छत्राखाली येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे कसे, असे अनेक जण विचारतात. किरणोपचार आणि किरणोत्सारी समस्थानिके यांची गरज रुग्णालय आणि संशोधन संस्था या दोघांनाही होती. आणि संशोधनावर सलग, घाई न करता पैसा खर्च करणारे खाते मिळणे हे संस्थेचे भाग्य ठरले, असे माझे मत आहे. २००२ साली संशोधन संस्था खारघरच्या साठ एकरांत ‘अ‍ॅक्ट्रेक’ म्हणून वसली.

रुग्णालय चालवणाऱ्यांत डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव परळच्या रस्त्यालाच आहे. डॉ. दाराब जस्सावाला यांनी इंडियन कॅन्सर सोसायटीमार्फत १९६३ साली मुंबईची कॅन्सर नोंदवही सुरू केली. एखाद्या वस्तीतला प्रत्येक कॅन्सर मोजण्याचा देशातला हा पहिला प्रयत्न. डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात मशेरीतली नायट्रोसमाइन्स मोजली आणि ती प्राण्यांत कॅन्सर करते हे दाखवले. मशेरी ही महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातली वस्तू. दात स्वच्छ होतात म्हणून आजी ती नातीलाही देई. त्या घरगुती डबीतल्या काळ्या भुकटीवर इतक्या गांभीर्याने काम करणारी प्रयोगशाळा जगात दुसरीकडे कुठे होणार होती?

खेड्यांतल्या कॅन्सरचा हिशेब सुरू झाला तो बार्शीत. १९८७ साली तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही उघडली. कार्यकर्ते गावोगाव फिरत, सरपंचाला, शिक्षकाला, सुईणीला भेटत, लक्षणे समजावून सांगत, संशय आला तर माणसाला बार्शीला घेऊन येत. गर्भाशयमुखाचा कॅन्सर तिथे बायकांत सर्वांत मोठा निघाला. मग टाटा, बार्शी आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर अभ्यास केला. विषाणूची चाचणी, पॅप चाचणी आणि नुसत्या डोळ्यांनी तपासणी यांची तुलना होती. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी व्हिनेगर लावून साध्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीचा प्रयोग दीड लाख स्त्रियांवर केला. थोडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी ती तपासणी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे २०१३ साली जाहीर झाले.

हिंदू स्त्रियांत हा कॅन्सर जास्त का, असे खानोलकरांनी चाळीसच्या दशकात लिहून ठेवले होते. कारण सापडले, विषाणू सापडला, लस आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून मिळते. तपासणीच्या दोन पद्धती आपल्याच राज्यात सिद्ध झाल्या. आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. संस्थेने पुढे कोणते काम हाती घ्यावे असे मला कोणी विचारले, तर मी आधी हा आकडा त्यांच्यापुढे ठेवेन.